नुसते ओले ओठ

इंग्रजी अमलात विसरवाडीचा रस्ता होत होता, तेव्हा खडी फोडणाऱ्या बायांना पाणी पाजायचं काम माझ्याकडे होतं. त्यातली एक सातव्या महिन्यातली बाई ओंजळ धरायची, पण नुसते ओठ ओले करून उरलेलं पाणी मानेवर चोळायची. मी मुसलमानाची, म्हणून हिला माझ्या हातचं चालत नाही, असं मी धरून चालले. रागाने तिला वगळून पुढे जाऊ लागले. तिने कधी हाक मारली नाही. मांड्या आवळून ती हातोडा मारत राही.

एका दुपारी तिचं लुगडं भिजलं. बाया हसल्या. तिने ओल्या जागेवर मूठभर माती चोळली. मी जवळ गेले, तर म्हणाली, "तुन्हा हातनं वावडं नही व माय. पानी पिनू का घडीघडी उठनं पडस, मुकादम सर्वासमोर वरडस. नी मुतताना आग पडस."

तिचं अंग तापलं होतं. तरी तिने तांब्या परतवला.

पाचव्या दिवशी कळलं, तापातच गेली, पोटातल्यासकट.

मुकादमाने तिच्या जागी दुसरी बसवली. तीही पोटुशी होती. मी तांब्या पुढे केला. तिने ओठ ओले केले आणि उरलेलं पाणी मानेवर चोळलं.