अर्धा चौकडा

मी माझ्या बापाला फसवलं, आणि आमच्या सरांनी त्या फसवणुकीला वर्गात पहिला नंबर दिला.

आणीबाणी उठल्यानंतरची ती वर्षं. विणकराचा मुलगा नागपूरच्या विद्यापीठात सिनेमा शिकतो, हे आमच्या गल्लीत कुणाला खरं वाटत नसे. सरांचं शिकवणं वेगळंच होतं. गोष्ट नको, नट नको. आधी एक नियम ठरवा, तो पाळा, आणि नियमातून जे निघेल तोच तुमचा सिनेमा. मध्ये आपली हुशारी घालायची नाही आणि नंतर कापाकापी करायची नाही.

मी नियम ठरवला: बाबांनी मागावर सुताचा धोटा एकदा फेकला की कॅमेऱ्याचं बटण एकदा दाबायचं. एक फेक, एक चित्र. तीन मिनिटांची एक रीळ संपेपर्यंत.

बाबांना हे पटलं. "म्हणजे मी विणीन तेवढाच तुहा सिनेमा," ते म्हणाले. चौकड्याचं लुगडं मागावर होतं. चार दिवस ते फेकत गेले, मी दाबत गेलो. ते दमले की मी थांबायचो. आयुष्यात तेवढा वेळ मी त्यांच्याजवळ पुन्हा कधी बसलो नाही.

पाचव्या दिवशी कांड्या संपल्या. धोट्यात घालायच्या त्या सुताच्या कांड्या आई भरायची, आणि आई मिरच्या तोडायला भिवापूरला मामाकडे गेली होती. ती परवा येणार होती. कॅमेरा मला त्याच संध्याकाळी परत करायचा होता आणि रीळ थोडीच उरली होती.

"रिकामाच फेका बाबा," मी म्हणालो. "हात तर दिसते."

"रिकामा धोटा नाही फेकत गा. आपल्या घरात कोणीच नाही फेकला."

मी चिडलो. चार दिवस मातीत जातील म्हणालो, शिकवलं तरी कशाला म्हणालो. मग आवाज उतरवून सौद्याला बसलो. शंभर फेका. ते मान हलवत राहिले. ऐंशी. साठ. शेवटी ते म्हणाले, "पन्नास. त्याच्या वर एक नाही."

पन्नास झाल्या तेव्हा मी म्हणालो, "मधली काही चित्रं उठली नाहीत बाबा, बटण अडकलं होतं." बटण अडकलं नव्हतं. असं मी तीनदा म्हणालो. त्यांनी दोनशे वेळा रिकामा धोटा फेकला. माझ्याकडे न बघता.

रीळ मुंबईहून धुऊन आली. सरांनी ती दाखवायच्या दिवशी बाबांनाही बोलावलं. बाबा धुतलेला सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. पडद्यावर लुगडं भराभर वाढू लागलं, चौकड्यामागून चौकडा. पोरं खूश. मग शेवटच्या दहा-बारा सेकंदांत हात चालत राहिले आणि कापड जागच्या जागी थांबलं.

दिवे लागले. बाबा सरांकडे वळून शांतपणे म्हणाले, "तो चौकडा अर्धाच राह्यला. धोटा रिकामा होता जी."

सरांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलंत? हात चालतोय, कापड वाढत नाही. सगळ्या विणकरांचं जगणं आलं यात. याला म्हणतात नियमाशी इमान."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी बोलेन म्हणून. मी सरांना हात जोडले.

महालातल्या आमच्या गल्लीपर्यंत आम्ही पायी आलो.

"सांगतलं काहून नाही?" त्यांनी विचारलं.

"काय सांगू?"

"कांड्या सरल्या होत्या. तुही माय गावाले गेली होती."

"त्यानं काय फरक पडते बाबा?"

"लोकाइले वाटलं, मी असाच फेकतो."

त्यानंतर ते कधी रागावले नाहीत. रागावले असते तर मी भांडलो असतो, भांडण मला जमतं. पण मी मागाजवळ गेलो की ते हात थांबवत, धोटा उचलून मला आतली कांडी दाखवत आणि म्हणत, "भरेल हाय." मग पुढची फेक. ते गेले त्या वर्षापर्यंत.

सिनेमा माझा तिथंच सुटला. गांधीबागेत मी स्वतःच्या जोरावर कापडाचं दुकान उभं केलं. भावात मी कुणाला सोडत नाही, पण ठाणात एक धागा कमी निघाला तर ठाण मुकाट परत घेतो. याचं कारण दुकानात कुणाला माहीत नाही.

माझा गुन्हा माझा आहे, त्यात मी घासाघीस करत नाही. पण सर, तुम्ही निवृत्त होईपर्यंत दर वर्षी नव्या मुलांना ती रीळ दाखवलीत. मी मध्ये माझी हुशारी घालून नियम मोडला होता, आणि ज्याच्या हातानं मोडवला त्यानं तुमच्या तोंडावर, साध्या मराठीत सांगितलं होतं. तुम्ही त्या वाक्याचा अर्थ लावलात. त्याला किंवा मला एक प्रश्न विचारला असतात, तर मी त्याच जागी कबूल झालो असतो आणि बाबा मान वर करून घरी आले असते. धोटा रिकामा का होता, हे तुम्ही विचारलं का नाही? मला याचं उत्तर पाहिजे.