दुनह्वांगची कार्डं

नवरा गेल्यावर दोन महिन्यांनी मी त्याच्या टिपणांच्या कार्डांचा खोका उघडला. अमेरिकेत ॲन आर्बरच्या विद्यापीठात आल्यापासून तो एकाच विषयाला चिकटून होता: दुनह्वांग, चीनच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान साम्राज्याचा पश्चिमेकडचा अगदी टोकाचा जिल्हा. तिथल्या टेहळणीच्या बुरुजांवर रोजच्या नोंदी लाकडी पट्ट्यांवर लिहीत. पट्टी पुन्हा वापरायची असली की सुरीने अक्षरं तासून काढत. वाळवंटात ते तासलेले कपटेही टिकले आणि आज अभ्यासक तेही वाचतात, हे तो मला कौतुकाने सांगायचा. स्वतःही तसाच होता. कार्डावर पेन्सिलीने लिहायचा, मत बदललं की खोडून त्यावरच पुन्हा लिहायचा.

त्याच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण अपुरं राहिलं होतं. त्याची विद्यार्थिनी, नागपूरची मुलगी, ते पुरं करणार होती. तिला त्रास नको म्हणून मी नवा खोडरबर घेऊन त्या प्रकरणाच्या कार्डांवरची सगळी जुनी पुसट अक्षरं साफ केली.

शनिवारी ती बसने आली. कार्डं एकेक करून उलटून पाहिली. मग हळू आवाजात तिने सांगितलं, की ती पुसट अक्षरं म्हणजे सरांचं आधीचं मत. ते का बदललं हे कळल्याशिवाय प्रकरण पुढे नेणं कठीण आहे.

तिने दोष दिला नाही. म्हणाली, "काकू, रबराचा चुरा तरी ठेवलाय ना? दुनह्वांगचा आपण तोच तर वाचतो."

त्या दोन महिन्यांत मी पहिल्यांदा हसले.

मग तिने एक कार्ड खिडकीशी तिरपं धरलं. बाहेर बर्फ होतं, हिवाळ्याचं तिरकं ऊन थेट टेबलावर येत होतं. शिसं गेलं होतं, पण तो दाबून लिहायचा. अक्षरांचे वळ उरले होते. दुपारभर आम्ही एकेक कार्ड फिरवत उतरवून घेतलं. सगळं नाही मिळालं. प्रकरणापुरतं झालं, असं ती म्हणाली. तिचे उपकार मी विसरणार नाही.

एका कार्डावर बुरुजावरच्या शिपायाच्या महिन्याच्या धान्याची नोंद होती. खाली, मी पुसलेल्या जागी, मराठीत होतं: 'एवढ्यात बायकोमुलांचंही भागेल? हिला विचारणे.'

त्याने विचारलं होतं. चहा गाळता गाळता मी म्हटलं होतं, की एकट्याचं भागेल, तेही पाहुणा आला नाही तर. तो "बरं" म्हणून आत गेला होता. त्याच जागेवर नंतर त्याने ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की हा शिधा एकट्यापुरता असावा.

इतकी वर्षं मला वाटायचं, तो माझं मन राखायला विचारतो. ते कार्ड ठेवून घ्यायचा मोह झाला. पण ते पुस्तकाचं होतं. मी ते तिच्या हातात दिलं.