खालच्या फळीवरच्या करंज्या

"वाचा मुनीमजी. अन् बारदान वजा करा."

एवढं बोलून मामा डोळे गच्च मिटायचे आणि काट्यावर उभे राहायचे. चपला काढलेल्या, खांद्यावरचा रुमाल पोत्यांच्या थप्पीवर टाकलेला, किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिलेला. डिसेंबरात दुपारच्या वेळी तुम्ही कधी वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, आला असाल, तर तुम्हीही हे पाहिलं असेल आणि हळदीच्या काट्यावर हा कोण माणूस प्रार्थनेला उभा राहिलाय, असं तुम्हाला वाटलं असेल.

आता मामा इथे नसतात. मुलीकडे नांदेडला गेले. काट्यावर नवा मापाडी आलाय, सडपातळ आणि सदा घाईत असलेला. त्याला काही बोलायला जावं तर तो पुढचं पोतं मागवतो.

मामा, म्हणजे सगळ्या मोंढ्याचेच मामा, इथे मापाडी होते. शेतकऱ्याचा माल काट्यावर घ्यायचा आणि वजन पुकारायचं हे त्यांचं काम. मी एका आडत दुकानात मुनीम, ते लिहून घ्यायचं काम माझं. मालाचं वजन धरताना रिकाम्या पोत्याचं, म्हणजे बारदानाचं वजन वजा करतात. तीच सवलत मामांना स्वतःलाही हवी असायची.

"शर्टाचं किती धरू?" मी विचारायचो.

"दोन किलो धरा. थंडीचा शर्ट हाय, जाड हाय."

"दोन किलोचा शर्ट बैलाला तरी पेलेल का, मामा?"

"मंग दीड धरा. शेठच्या संगतीनं तुमीबी लई चिकट झालात."

हा सगळा खटाटोप मामींसाठी होता. मामांचे गुडघे बोलायला लागले होते, साखर वाढली होती, जिना चढताना दम लागायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, नव्वदच्या आत या, मग बघू. मामा तेव्हा क्विंटलाच्याही पुढे होते. नवऱ्याच्या तोंडावर मामींचा काडीचा विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी मला नेमलं. दुपारचा लिलाव आटोपला की माझा फोन वाजायचा.

"दादा, काटा काय म्हणला?"

मी आकडा सांगायचो. मग मामी विचारायच्या, "बारदान किती धरलं?" आणि स्वतःच हसायच्या.

वर्षभर मामा कसेबसे ताब्यात असत. कसोटी असायची नाताळात. मामांचं घर ख्रिस्ती. नोव्हेंबर सरत आला की दारावर कागदाचा तारा लागायचा, त्यात दिवा पेटायचा, आणि घरात नाताळचा बेत सुरू व्हायचा. आपल्याकडे दिवाळीला होतो तसा सगळा फराळ त्यांच्याकडे नाताळला व्हायचा. आमच्या करंज्या दिवाळीत त्यांच्याकडे जायच्या आणि त्यांच्या नाताळात आमच्याकडे यायच्या. खरं सांगायचं तर त्यांच्या जास्त खुसखुशीत असायच्या. हे मी घरी कधी बोललो नाही, मलाही रोज जेवायचं असतं.

एका रविवारी, त्यांची चर्चमधली प्रार्थना उरकल्यावर, मामांनी मला घरी बोलावलं. "तुमी मधी बसा," म्हणाले. "लिलाव हाय."

मामा खाटेवर, मामी खाली तांदूळ निवडत बसलेल्या. मामांनी सुरुवात केली. मटण, पुलाव, वर तरीचा रस्सा. अनारसे, करंज्या, चकल्या. अन् केक.

"मटण पाहुण्यांना," मामी मान वर न करता म्हणाल्या. "तुमाला सिद्धेश्वर धरणातली मच्छी. तव्यावर, थेंबभर तेलात."

"सणाला मच्छी?"

"येशूनं खाल्ली. तुमाला काय तकलीफ हाय?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"बरं. पुलाव?"

"भाकर. ज्वारीची, एक."

"दीड."

"एक. काकडी पायजे तेवढी घ्या."

"काकडीवर कोणाचा सण झालाय का? अन् केक?"

"बोटभर."

"मपल्या बोटाएवढा," मामा घाईनं म्हणाले आणि आपलं केळ्यासारखं बोट पुढे केलं. मामींना हसू आवरेना. पण हसून झाल्यावर त्या म्हणाल्या, "अन् करंजी न्हाई."

मामांचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. मामींनी सूप खाली ठेवलं. "मीबी खाणार न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमी खासाल तेच मी खाईन. नुसतं सणाला न्हाई, बारा महिने. मंग तर झालं?"

आणि बाईनं शब्द पाळला. त्या दिवसापासून त्या घरात दोन ताटं सारखी वाढली जायची.

नाताळच्या दिवशी अर्धा मोंढा त्यांच्याकडे जेवायला असायचा. हमाल, आडते, कुरुंद्याहून हळद घेऊन येणारे दोन-चार शेतकरी. मामा सगळ्यांना आग्रह करकरून वाढायचे आणि स्वतः मच्छी-भाकरीचं ताट घेऊन साधूसारखे बसायचे. त्या वर्षी मी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो, तर दाराआड मामा उभे. गाल फुगलेला, मिशीवर सारणाचे कण.

"मामा?"

"सणाला काटा बंद असतोय," ते तोंड भरलेल्या आवाजात म्हणाले.

मला वाटलं, चोरी मलाच सापडली. पुढे एकदा मामींशी बोलताना विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, "मला म्हाईत न्हाई व्हय? डबा खालच्या फळीवर मीच ठेवते. वरच्या फळीला हात लावायला स्टूल लागतंय, अन् स्टुलावरनं पडले तर मपल्याच जिवाला घोर. चोरून खाल्ली की एक खातेत. पुढं वाढली तर पाच खातील." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला असं ओळखणारं कोणी असावं, असं मला त्या दिवशी फार वाटलं.

अशी काही वर्षं गेली. मामा थोडे उतरले, परत चढले, परत थोडे उतरले. मामी मात्र छान बारीक झाल्या. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, पथ्य नवऱ्याचं आणि मानवलं बायकोला. मामाही कौतुकानं सांगायचे, "लग्नातलं पोलकं येऊन राहिलंय तिला."

मग एका साली, तारा लागला त्याच आठवड्यात, मामा डबा घरी विसरले आणि मामी तो द्यायला मोंढ्यात आल्या. मामा नुकतेच काट्यावरून उतरले होते, खुशीत होते. म्हणाले, "चढ, तूबी चढ. रोज मपलं वजन इचारती, तुपलंबी कळू दे मुनीमजीला."

"मला काहून?" मामी लाजल्या. पण चढल्या. चपला पायात, डबा हातात.

मी आकडा वाचला. वाचता वाचता माझा आवाज खाली गेला. सोयाबीनचं भरलेलं पोतं त्याहून जड असतं.

"परत वाचा," मामा म्हणाले.

मी परत वाचला. मामांनी मामींच्या हातातून डबा काढून घेतला. आकडा आणखी खाली आला.

"उतरू का? लोकं बघून राहिलेत," मामी म्हणाल्या आणि उतरल्या.

मामांनी काटा शून्यावर आणला. कोपऱ्यातली लोखंडी वजनं आणली, काटा तपासायला ठेवलेली असतात ती, आणि एकेक करून काट्यावर ठेवली. काटा बराबर होता. त्यांनी ती उतरवली, पुन्हा ठेवली. काटा बराबरच होता. मामी पदरानं घाम पुसत बाजूला उभ्या होत्या, आणि थंडीच्या दिवसात त्यांना घाम का येतोय, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला.

"जेवण जातं का तुला?" मामांनी विचारलं.

"जातंय की. तुमच्याएवढंच." मग म्हणाल्या, "पोटात दुखतंय कधीमधी. भाकर टोचत असंल."

त्या घरी गेल्यावर मामा पोत्यांच्या थप्पीवर बसले. हा माणूस पोत्याला नुसता हात लावून सांगायचा की माल ओला आहे, वाळल्यावर वजन तुटेल. मला म्हणाले, "मुनीमजी, मी काय बघत व्हतो?" त्या घरात एकाच माणसाचं वजन रोज विचारलं जात होतं. विचारणारीचं कोणी विचारलं नव्हतं.

नांदेडला नेलं. जठरात गाठ निघाली आणि ती पसरलेली होती. डॉक्टरांनी औषधं दिली, आवडेल ते खाऊ घाला म्हणाले, आणि घरी पाठवलं. याचा अर्थ काय, ते मामांना कळलं होतं.

त्या साली नाताळचा बेत पुन्हा मांडला गेला. मला पुन्हा मधे बसवलं. या वेळी खाटेवर मामी होत्या आणि खाली मामा.

"मटणाचं सूप," मामा म्हणाले. "तूप घालून मऊ भात. डोंगरकडा गावची केळी दुधात कुस्करून. अनारसे. करंज्या तर झाल्याच पायजेत."

"एवढं न्हाई जायचं हो."

"चार घास."

"दोन."

"तीन कर. मुनीमजी, तुमी सांगा तिला."

मी तीन बोटं वर केली. मामी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बरं, तीन." मामांचा चेहरा एवढा उजळला की मला तो बघवेना. डिसेंबरभर ते मोंढ्यात आले की आधी मला सांगायचे, आज अर्धी वाटी पेज गेली, आज नुसतं पाणी. स्वतःच्या वजनाचं नाव नाही. दुपारचा माझा फोनही वाजत नव्हता.

नाताळच्या दिवशी मामी नव्या साडीत तक्क्याला टेकून बसल्या होत्या. साडी मोठी आणि आत बाई एवढीशी. मामांनी करंजीचं टोक मोडून त्यांच्या तोंडात घातलं. मामी ते बराच वेळ तोंडात घोळवत राहिल्या. उरलेली करंजी त्यांनी मामांच्या पुढे केली. "घ्या. आज समोर खा."

मामांनी ती हातात घेतली. तोंडापर्यंत नेली. मग ताटात ठेवून दिली आणि उठून बाहेर ताऱ्याखाली जाऊन उभे राहिले.

मामी मला म्हणाल्या, "दादा, त्यांच्याकडं ध्यान ठेवा. नव्वदच्या आत आले की मला सांगा."

"सांगतो, मामी," मी म्हणालो.

नव्या हळदीचा हंगाम सुरू व्हायच्या आत मामी गेल्या. गावाबाहेर त्यांच्या दफनभूमीत माती दिली. मुलगी महिनाभर राहून नांदेडला परतली. मामा कामावर आले, त्याच आवाजात वजनं पुकारू लागले. पण काट्यावर स्वतः चढले नाहीत. घरून मोंढ्यात चालत यायचे, चालतच जायचे. हळूहळू शर्ट अंगात फिरायला लागला. मी एकदा म्हणालो, मामा, एवढंही नको. ते म्हणाले, "जे ठरलं व्हतं तेच खातोय."

पुढच्या नाताळला त्यांनी आम्हाला सगळ्यांना पुन्हा बोलावलं. मुलगी आली होती, फराळ तिनं केला होता. आम्हाला मटण, पुलाव, सगळं. मामांनी आग्रह करकरून वाढलं आणि स्वतःचं ताट घेऊन बसले. तव्यावरची मच्छी, एक भाकर, काकडी. केक बोटभर. बोट आता बारीक झालं होतं.

जेवणानंतर पाणी प्यायला मी स्वयंपाकघरात गेलो. डबा खालच्या फळीवर होता. मी झाकण उघडून पाहिलं. करंज्या काठापर्यंत होत्या, एकही हललेली नव्हती.

मुलगी मागे येऊन उभी राहिली. "आईनं सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली, "डबा खालीच ठेवत जा म्हणून. पण बाबा इकडं फिरकलेच नाहीत."

दारात मामा होते. त्यांनी ते ऐकलं होतं. "चोरून खायाचं तर कोणीतरी बघणारं पायजे ना," ते म्हणाले आणि पाहुण्यांकडे वळले.

दुसऱ्या दिवशी मोंढ्यात लिलाव आटोपला. मी वही मिटत होतो, तेवढ्यात मामा काट्यावर चढले. चपला पायातच. रुमाल खांद्यावर, किल्ल्या खिशात. डोळे उघडे.

"वाचा मुनीमजी."

"बारदान किती धरू?"

"काहीच वजा करू नका."

मी आकडा वाचला. नव्वदच्या आत होता, सगळ्या बारदानासकट.

मामा उतरले नाहीत. समोर बघत म्हणाले, "तिनं तुमाला सांगितलं व्हतं ना. मंग सांगा की."

मी खिशातून फोन काढला. मामींचा नंबर त्यात अजून होता. कुठलंही बटण न दाबता मी तो कानाला लावला आणि मोंढ्यातल्या सगळ्यांच्या देखत म्हणालो, "मामी, नव्वदच्या आत आले."

मामांनी डोळे गच्च मिटले, पूर्वी मिटायचे तसे, आणि काट्यावर तसेच उभे राहिले. मागे एक हमाल पाठीवर पोतं घेऊन खोळंबला होता. त्यानं पोतं हळूच खाली ठेवलं आणि तोही थांबला.