सीटबेल्टचा बोल्ट आन् सुलभाकाकी

गॅरेजात नट कमी पडतो, वायसर कमी पडतो, किस्सा कधी कमी पडत नाय. डब्याच्या तळाला कुठल्या गाडीचे ते माहीत नसलेले स्क्रू साठतात ना, तसे हे साठतात. फेकवत बी नाय, लावायला जागा बी नाय. चहाला बसलं की एकेक हाताला लागतो.

आमचं गॅरेज बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या अंगाला. इंजिनाला आमी हात लावत नाय. आमचं काम गाडीच्या आतलं. सीटा, गालिचे, पट्टे. ज्याच्या गाडीत पाणी शिरलं तो आमच्या दारात. कुजका गालिचा काढायचा तर आधी सीट काढा, मग सीटबेल्टचा बोल्ट काढा. सीट निघते ओ. बोल्ट निघत नाय! कंपनीतच त्याच्या आट्यांना गोंदासारखं औषध लावतात आन् असा आवळतात की त्यानं परत उजेड बघू नये.

गॅरेजची मालकीण सुलभाकाकी. मालवणकडची, वय साठीच्या आसपास, साडीवर खाकी शर्ट घालते. नवरा काउंटरवर बसून भजनं ऐकतो आन् पावत्या फाडतो. गाडीत शिरते ती काकी. मी शिवा, कराडच्या खालचा. शाळेत माझं जमलं नाय, गावात भावाशी जमलं नाय. डोकं तापलं की मला पुढचं दिसत नाय, हे सगळ्या गावाला माहीत. म्हणून मुंबईला आलो, आन् परत जायला तोंड ठेवलं नाय.

*

माझा पहिलाच बोल्ट. दारापाशी खाली, प्लास्टिकची टोपी काढली, आत बोल्टाचं डोकं. त्याला भोक. मला वाटलं, भोक म्हणजे षटकोनी एलन की. घातली. जरा ढिली बसली, पण बसली! दिला दम. फिरली! मी खूश. "काकी, निघाला!"

काकी आली, बॅटरी मारून बघितलं. बोल्ट जिथल्या तिथं. फिरलं होतं ते त्याच्या तोंडातलं लोखंड.

"मेल्या, ह्येचा तोंड बघलंस? चांदणी आसा ती. चांदणीत षटकोन घातलंस?"

खरंच चांदणी होती, पण मी ती पार गोल करून टाकलेली. काकीनं स्टार बिटांचा डबा उघडला, एक नंबर मोठा बिट घेतला, भोकावर टेकवला आन् हातोडीनं ठोकून ठोकून आत बसवला. मग त्याला हातभर लांबीची दांडी. एकदा श्वास घेतला आन् ओढली. कटाक्! असा आवाज झाला की मला वाटलं काकीचा खांदा गेला. बोल्ट गेला होता!

मी बघतच राहिलो. काकीनं बोल्ट माझ्या हातात दिला. "आणि एक असो खाल्लंस, तर तुझो पत्रो हयसून गावाक." म्हणजे पत्र्याची पेटी. माझी पेटी पोटमाळ्यावर होती. त्या रात्री मी ती आणखी आत सरकवून ठेवली.

*

त्यानंतर काकीनं मला पट्ट्याच्या बोल्टाला हातच लावू दिला नाय. मी बॅटरी धरायची. बाकी सगळं उघड, पट्टा सोडून. का? तर तुझ्या हातात राग आसा.

आन् तिचा एक कायदा. बोल्टाला शिवी दिली की पाना खाली ठेवायचा आन् झाडू घ्यायचा. पूर्ण गॅरेज झाडून झाल्याशिवाय पान्याला हात नाय. बरं, मी नुसती बॅटरी धरून बी शिव्या द्यायचो. काम तिचं, शिवी माझी!

एक दिवस एक बाई कडेवर पोर घेऊन आत शिरली. झाडून लख्ख झालेली फरशी बघितली आन् विचारते, "डॉक्टर कधी येतात?"

काकी म्हणाली, "शिवा, इतक्या पण शिव्या दिऊ नको रे."

*

शेजारी मुकेशभाई, टायरवाला. त्याच्याकडं हवेवर चालणारी गन. ट्रकची चाकं सोडतो तिनं. एकदा काकी एका बोल्टाला तेल मारून, ठोकून, सकाळपासून बसलेली. हा आला, कमरेवर हात.

"सुलभाबेन, शूं टाईम घालवते? आपली गन लाव ना. दोन सेकंद!"

काकी म्हणाली, "लाव."

मला आश्चर्य वाटलं. गाडी मुकेशभाईच्या साडूची होती म्हणून परवानगी मिळाली, हे मला मागनं कळलं. लावली गन. टर्रर्र, फट्! बिटाचं टोक तुटून बोल्टात अडकलं आन् गन त्याच्या हातात मोकळी फिरायला लागली.

काकी घड्याळ बघून म्हणाली, "मुकेशभाय, एकच सेकंद लागलो. एक वाचलो तुझो."

ते तुटलेलं टोक काढायला काकीनं बोल्टाच्या डोक्यावर एक नट वेल्डिंग करून चिकटवला आन् तो नट रिंगपान्यानं फिरवला. वेल्डिंगच्या आधी पट्ट्याचं दुसरं टोक डब्यासकट सोडून लांब, सीट आन् गाडीची बॅटरी बाहेर. वेल्डिंगच्या धगीनं आतलं औषध बी मऊ झालं असणार, कारण बोल्ट लोण्यासारखा आला. मुकेशभाई तवापासून गन घेऊन आमच्या दारावरनं जाताना ती पाठीमागं धरतो.

*

आता हे ऐका. मला वाटायचं पट्टा म्हणजे पट्टा. कापडाचा. त्याला काय भ्यायचं?

एक बोल्ट हलेना. काकी चहा घ्यायला गेलेली. धग दिली की औषध मऊ होतं हे मी बघितलेलं. मी गॅसची बत्ती पेटवली, बोल्टाकडं नेली. बोल्ट न्हवता काढणार मी, नुसता गरम करून ठेवणार होतो. एवढ्यात सपकन् उकळता चहा माझ्या मानेवर, हातावर, बत्तीवर! बत्ती विझली. मी असा भडकलो, की वळून मूठ उगारली.

समोर काकी. हातात रिकामा ग्लास. तिनं वाकून आधी बत्तीचा गॅस बंद केला.

"बारूद आसा त्यात," ती म्हणाली.

मला खरं वाटेना. पट्ट्यात बारूद? मग तिनं समजावलं. गाडी ठोकली की पट्ट्याच्या डब्यातला बारूद उडतो आन् पट्टा माणसाला सीटला खेचून धरतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत. म्हणून ती आधी गाडीच्या बॅटरीची वायर काढते आन् निवांत चहा घेऊन येते. मी समजायचो म्हातारी कामचुकार आहे! ती आतली वीज मरायची वाट बघायची.

मी मूठ उघडली. म्हटलं, "काकी, चहा गेला तुमचा."

"चाय गेली, तू रवलंस. जा, दुसरी सांग."

त्या दिवशी मला वाटलं होतं पेटी खाली येणार. आली नाय. का नाय आली, विचारायची माझी हिंमत झाली नाय.

*

मनोरीचा पास्कल. मासळीची व्हॅन. खाडीच्या होडीतनं व्हॅन येत नाय, म्हणून भाईंदरवरनं वळसा घालून आमच्याकडं येतो आन् येताना वास आधी पाठवतो. खारं पाणी सांडून सांडून त्याच्या गाडीची जमीन म्हणजे पापड. बोल्ट तर बोल्ट वाटतच न्हवता, गंजाचा लाडू!

काकी वरनं हात लावेना. गाडीखाली शिरली. बोल्टाचं शेपूट खाली बाहेर आलेलं असतं, ते तारेच्या ब्रशनं घासलं, तेल पाजलं आन् जेवायला गेली. जेवून आली, वरनं स्टार बिट लावला आन् चक्क उजवीकडं दाबला. आवळला!

पास्कल ओरडला, "अगो बाय! सोडायला आणलाय, आवळतेस कशाला?"

तिचं चालूच. जरासा आवळला, जरासा सोडला. परत जरासा आवळला, जास्त सोडला. लाल भुकटी गळायला लागली. दांडीच्या टोकाला तिनं फक्त दोन बोटं ठेवलेली, आन् बोल्ट कुरकुरत वर आला. एक आटा तुटला नाय. मी बॅटरी धरून होतो, माझा हात अवघडला तरी हलवला नाय. शिवी सुचलीच नाय.

पास्कल खाली वाकून बघत म्हणाला, "आमची जाळ्याची गाठ बी अशीच. आधी दाबायची."

नवा बोल्ट लावला. काढलेला बोल्ट काकी परत कधीच लावत नाय. आन् एवढं सगळं झाल्यावर पास्कल गाडीत बसला, पट्टा सीटच्या मागं खोचला आन् निघाला!

काकी धावली. सिग्नलपर्यंत! व्हॅनच्या पुढं उभी. सिग्नल हिरवा झाला, मागनं हॉर्न, बेस्टचा डायवर डोकं बाहेर काढून ओरडतोय, काकी हलत नाय. पास्कलनं पट्टा लावला, तवा बाजूला झाली. परत आली तर एका पायात चप्पल नाय.

"खय गेली चप्पल?" नवऱ्यानं विचारलं.

"पास्कलाच्या काचेर."

*

आता शेवटचा. हा मी कुणाला हसत हसत सांगू शकत नाय.

मुलुंडचे एक गृहस्थ आले. त्यांची गाडी क्रेनवरनं आली. हायवेला ट्रकनं डाव्या बाजूनं चेपलेली. पुढचं दार आत, डावा खांब वाकलेला, काच नाय. मी म्हटलं, डाव्या सीटवरचा माणूस गेला असणार. गाडीतनं नाय, मागच्या रिक्षातनं एक कॉलेजातली पोरगी उतरली. गळ्यापासनं खाली तिरका निळाजांभळा पट्टा उमटलेला, तो तिच्या कॉलरीतनं दिसत होता. बाकी ओरखडा नाय.

गृहस्थ म्हणाले, "गाडी उद्या भंगारात जातेय. मला तिचं काही नको. फक्त तो बोल्ट द्या. हिच्या पट्ट्याचा."

काकीनं गाडीत डोकं घालून लई वेळ बघितलं. बाहेर आली. माझ्यासमोर डबा ठेवला. बिट, दांड्या, हातोडी, सगळं.

"शिवा, घे."

 इतके दिवस बॅटरी धरलेला माणूस मी, आन् हा बोल्ट? हा खाल्ला तर पेटीचं सोडा, ह्या बापाला मी काय तोंड दाखवू?

गाडीच्या बॅटरीची वायर आधीच काढलेली. मी आत बसलो. बिट हातात घेतला, नंबर बघितला, चांदणीत बसवला. घट्ट बसला. दांडी लावणार, तेवढ्यात माझं कोपर पट्ट्याला लागलं. पट्टा वाजला. एकतारीच्या तारेसारखा! खांब वाकला होता ना, पट्टा तेवढाच ताणून राहिलेला, आन् बोल्टाला आडवा ओढत होता. अशा बोल्टाला जोर लावला तर तो तुटणार, नायतर आटे नेणार.

मी दांडी खाली ठेवली. "काकी, जॅक द्या."

काकीनं पट्टा बोटानं वाजवून बघितला. जॅक दिला. मी तो सीटच्या लोखंडापासनं खांबाला आडवा लावला आन् हळूहळू खांब बाहेर रेटला. पत्रा कुरकुरला. पट्टा ढिला पडला. मग बिट, मग दांडी. आधी जरासा आवळला. मग सोडला. कटाक्!

बोल्ट बोटांनी फिरवत काढला. बघितला. सगळी गाडी चोळामोळा झालेली, आन् हा? सरळ. आटे कोरे. निळं औषध अजून तसंच लागलेलं. माझ्या अंगठ्याएवढा. मला वाटलं, ह्याला मी शिव्या देत होतो?

काकी गृहस्थांना म्हणाली, "आमच्या मेस्त्रीन काढलो." मेस्त्री! मी मागं वळून बघितलं, कोण उभं आहे म्हणून. कोणी न्हवतं.

मी बोल्ट फडक्यानं पुसून पोरीच्या हातात दिला. तिनं तळहातावर उलटा सुलटा केला.

"एवढाच?" ती म्हणाली.

  बोल्ट मुठीत धरून ती रिक्षाकडं गेली.

दोघं रिक्षात बसले. रिक्षा सुरू झाली, तसा पोरीचा हात आपोआप डाव्या खांद्यामागं गेला आन् तिथं चाचपायला लागला. रिक्षात पट्टा नसतो.

बापानं आपला हात तिच्यासमोर आडवा धरला, आन् रिक्षा गेली.