कुरळ्या केसांचे अडीचशे दिरहम

मंडळी, आज अल ऐनमध्ये केस कापायला अडीचशे दिरहम मोजले. म्हणजे सव्वातीन हजार रुपये! या २००९च्या मंदीत नोकरी गेल्यापासूनचा कितवा तरी इंटरव्ह्यू उद्या आहे, म्हणून गेले.

सवयीने तेल लावून, चापूनचोपून वेणी घालून गेले. सलूनवाली वैतागली, "ऐसे कर्ल कैसे दिखेंगे, मॅडम?" तिने केस धुतले, वाळवले, मग एकेक बट बघून कापली. स्ट्रेट करा म्हणाली नाही. हात चांगला आहे बाईचा, मान्य.

दमून घरी आले. केस सरळ करून दे म्हणून रोज रडणारी माझी लेक बघतच राहिली.

"आई, यू हॅव माय हेअर!"

तिने माझे केस असे कधी पाहिलेच नव्हते.

आता तुम्हीच सांगा, महाग पडलं का? माझ्यात हिशेबाचंही त्राण नाही.