पौषातली खांदमळणी

साळवे बाई माणसाला 'जय भीम' घालायच्या आधी बैलाच्या जुवाखाली हात घालायच्या. रस्त्यात उसाची गाडी उभी दिसली की संपलंच. पर्स माझ्या हातात, पदर कमरेला आणि बाई थेट बैलाच्या मानेपाशी. गाडीवान ओरडायचा, "बाई, सरका मागं, मारका हाय त्यो!" बाई हात न काढता म्हणायच्या, "मारका न्हाई, दुखरा हाय. तुज्या खांद्यावर ठिव बरं हे लाकूड, मंग बघू तू किती गरीब ऱ्हातो ते." मग हाताला लागलेलं रक्त रुमालाला पुसायचं, गाडीवानाला नाव-गाव, लेकरं शाळेत जातात का, हे विचारायचं आणि काही घडलंच नाही अशा थाटात माझ्याकडे वळायचं. "चला सर, उशीर होतोय." उशीर कुणामुळे होतोय हे विचारायची आमची छाती नव्हती.

युसूफ वडगावच्या पुढच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही बरीच वर्षं बरोबर होतो. एसटी चुकली की बाई माझ्या मोटारसायकलवर मागे बसायच्या. गाडीचा ब्रेक म्हणजे माझा खांदा. गाडी-बैल दिसले की असा धपाटा बसायचा की एकदा मी घाबरून चारीत गेलो. बाई चिखलातून उठल्या आणि मलाच म्हणाल्या, "तुमाला गाडी नीट चालवाया येत न्हाई का हो, जाधव सर?" आता काय बोलावं या बाईपुढं?

नोकरीत असताना त्या फक्त हटकायच्या. रिटायर झाल्या आणि सुटल्याच. आमच्या भागातल्या साखर कारखान्याच्या गाडीतळावर त्यांनी रोजचं ठाणं मांडलं. गाडीतळ म्हणजे ऊस भरून आलेल्या गाड्या वजनकाट्यावर जायला रांगेत उभ्या राहतात ते मैदान. तिथला नियम असा होता, की आलेल्या गाडीला नंबर मिळायचा, पण बैल जुवातून सोडले की नंबर गेला, परत रांगेच्या शेपटाला. त्यामुळे सकाळी आलेली गाडी दुपार कलली तरी तशीच उभी. बैलांच्या मानेवर सगळा भार, वर ऊन आणि पाण्याचा थेंब नाही. पाणी होतं, पण ते कारखान्याच्या आत.

बाईंनी सुरुवात केली ती मात्र चुकीच्या टोकापासून. गाडीत ऊस जास्त भरतात म्हणून त्यांनी तक्रार केली. साहेब लोक आले आणि नेमका ज्ञानोबाला दंड ठोकून गेले. ज्ञानोबा वडवणीकडचा ऊसतोडीचा गडी. तो आणि त्याची बायको मुक्ता पहाटे फडात उतरायचे, तोडायचे, मोळ्या बांधायचे आणि गाडी हाकत इथवर आणायचे. दुसऱ्या दिवशी तो भर गाडीतळावर बाईंच्या अंगावर धावून गेला. "तुमचं बैलांवरचं प्रेम आमच्या पोटावर काहून काढता? तुमाला पेन्शन हाय, बाई. आमाला ह्यो एकच फड हाय!"

मला वाटलं बाई आता त्याला चौथीच्या वर्गात उभं करतात तसं उभं करणार. पण त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझं चुकलं, बाबा. बैलाला सोडवाया गेले आन् माणसाला जुंपलं." त्या दिवसापासून त्यांनी गाडीवानाविरुद्ध एक अवाक्षर काढलं नाही. मागणी एकच ठेवली, आणि तीही कारखान्याकडे: बैल सोडले तरी नंबर जाता कामा नये, आणि तळावर पाण्याचा हौद बांधा. बस्स. याच्या पुढंही नाही आणि मागंही नाही.

मध्येच शहरातून प्राणीप्रेमी मंडळींची एक मोटार आली. पोरं चांगली होती, कळवळ्याची होती. त्यांनी बैलांचे फोटो काढले, गाडीवानांना 'तुम्हाला लाज वाटत नाही का' असं विचारलं. बाईंनी त्यांच्या हातात बादल्या दिल्या. "फोटू लई झाले. हापसा तिकडं हाय, त्या वडाच्या खाली. आधी पाणी आना, मंग लाज काढा." दोघं तिघं खरोखर पाणी आणायला लागले. बाकीचे मोटारीत जाऊन बसले.

बाई पाच-सात बायकांना घेऊन फाटकासमोर बसायला लागल्या तेव्हा कारखान्याला ते डाचू लागलं. आणि मग आला जमावबंदीचा आदेश. हंगाम संपेपर्यंत कारखान्याच्या आवारात आणि रस्त्यावर पाच किंवा जास्त माणसांनी जमायचं नाही, घोषणा द्यायच्या नाहीत, फलक धरायचे नाहीत. लग्नकार्य, अंत्ययात्रा आणि धार्मिक रूढी-परंपरा यांना तेवढी सूट. बाईंच्या नावानं वेगळी नोटीस निघाली. ती द्यायला ठाण्यातले जमादार घरी आले. हा माणूस लातूरकडच्या शेतकरी घरातला, बोलायला कमी. बाईंनी त्यांना चहा पाजला, नोटीस दोनदा वाचली आणि विचारलं, "जमादार, तुमच्या घरी बैल हायेत?" "हायेत की, बाई. एक जोडी." "खांदमळणी करता का न्हाई?" "करतो की. आई करती." बाई नुसत्या मान हलवत राहिल्या. मी शेजारीच बसलो होतो, पण मला काडीचंही कळलं नाही.

खांदमळणी आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी असते. बैलाचा खांदा गरम पाण्यानं शेकायचा, लोणी आणि हळद लावून चोळायचा आणि त्याच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." एकदा लोणी लागलं की दुसऱ्या दिवशी त्या खांद्यावर जू ठेवायचं नाही. कितीही नडलेला कुणबी असो, ते पाप कुणी करत नाही.

बाई तळावर गेल्या त्या थेट ज्ञानोबाकडे. त्याच्या उजवीकडच्या बैलाचा खांदा फुटला होता. बाई म्हणाल्या, "उद्या तुज्या बैलाची खांदमळणी करायची हाय."

ज्ञानोबा हसला. "बाई, पौष चाललाय. पोळा श्रावणात असतो."

"खांदा दुखतो पौषात," बाई म्हणाल्या.

ज्ञानोबा बैलाकडे बघत उभा राहिला. उत्तर मुक्तानं दिलं. "लोनी कुठून आनायचं, ते सांगा बाई."

तळावरच्या सगळ्या बैलांना पुरेल एवढं लोणी गावोगावच्या बायकांनी दिलं. माझ्या बायकोनंही दिलं, मला न विचारता. मला विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो, कारण माझा ऊस त्याच रांगेत होता. मीही शेतकरीच. तोडलेला ऊस एक दिवस उन्हात राहिला की वजन घटतं, आणि ते कोण भरून देणार? मी बाईंशी कडाकडा भांडलो. बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, ऊस वाळला की तुमी काट्यावर जाऊन रडता. बैल वाळला तर त्यानं कुठं जाऊन रडायचं?" मी पाय आपटत घरी आलो. घरी बायको ताक घुसळत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदारसाहेब स्वतः फाटकावर हजर. माणूस मुंबईकडचा, पोळा कॅलेंडरात बघितलेला. बाईंनी अर्ज पुढे केला: बैलांची खांदमळणी, पारंपरिक विधी, घोषणा नाहीत, फलक नाहीत. साहेबांनी आदेश चाळला, सूट सापडली. त्यांनी जमादारांना विचारलं, "हे असं असतं का हो इकडे?" जमादारांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. "असतं, साहेब. जुनी रीत हाय." पुढचं त्यांनी सांगितलं नाही, आणि साहेबांनी विचारलं नाही.

कारखान्याचे एक संचालक मात्र गावचेच. त्यांना चटकन उमगलं. ते तावातावानं आले. "साळवे बाई, पोळा आमचा सण. तुमी कोन आमच्या बैलाला लोनी लावनार?"

बाईंच्या हाताला हळद होती. त्या म्हणाल्या, "मालक, ढोर मेलं की वढायला आमच्या आज्याला बोलवायचे. तवा कुनी इचारलं न्हाई, तू कोन म्हून. ते काम आमी सोडलं, बाबासाहेबांनी सांगितलं म्हून सोडलं. पन जित्या ढोराचा खांदा चोळू नका, असं आमाला कुनीच सांगितलेलं न्हाई." आणि त्या वाकून चोळायला लागल्या. संचालकांनी इकडं तिकडं बघितलं. गाडीवान एकेक करून जुवाच्या शिवळा काढत होते, बैल सोडत होते. मुक्ता बैलाच्या कानाशी तोंड नेऊन आवतण देत होती आणि रडत होती. मी फाटकापाशी उभा होतो.

त्यानंतर एकही गाडी हलली नाही. कुणी संप केला नव्हता, कुणी घोषणा दिली नव्हती. नुसतं लोणी लागलेल्या खांद्यावर जू ठेवायला कुणी तयार नव्हतं. शेतकी अधिकारी गाडीवानांना दटावून थकले. प्रत्येक जण म्हणायचा, "तुमी ठिवा की जू, साहेब. आमाला न्हाई जमायचं." दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्याच्या गव्हाणीत, म्हणजे गाळपाच्या पट्ट्यावर, ऊस पडायचा थांबला, तसे तेच शेतकी अधिकारी बाईंसमोर येऊन बसले. बैल सोडले तरी नंबर राहील आणि हौद आठवड्यात बांधू, हे त्यांनी सगळ्यांदेखत कबूल केलं. बाई म्हणाल्या, "चला, जेवाया वाढा रे बैलांना. आवतण दिलंय." उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं तोडून गाड्यांपुढं टाकलं गेलं.

पण फौजदारसाहेबांना आपण फसलो हे लागलं. आदेश मोडला म्हणून त्यांनी बाईंना तहसीलात उभं केलं. तहसीलदार सरळ माणूस, कामानं पिचलेला. त्यांनी समोर कागद ठेवला. "शांतता राखीन आणि पुन्हा कारखान्याकडे जाणार नाही, असं लिहून द्या बाई, आणि घरी जा."

"शांतता राखते. आजवर कधी मोडली न्हाई. दुसरं लिहून देनार न्हाई."

"मग आत बसावं लागेल."

"बसते की. शाळेत बसायची सवय हाय."

तहसीलदारांनी कपाळाला हात लावला. दुसरं वाक्य खोडलं आणि म्हणाले, "निदान जामीनदार तरी आणा."

व्हरांड्यातून ज्ञानोबा पुढे आला. जो बाईंना भर तळावर घालून पाडून बोलला होता, तोच. "मी ऱ्हातो जामीन."

"तुझ्या नावावर काय आहे?"

"बैलजोडी हाय, साहेब. दुसरं कायबी न्हाई."

बाई खुर्चीवरून ताडकन उठल्या. मी त्यांना इतक्या वर्षांत असं चिडलेलं पाहिलं नव्हतं. "गप ए! बैल जामीन ठिवतो? माज्यापायी बैलांना सरकारच्या दावणीला बांधतो? मंग मी भांडले कशाला? साहेब, ह्याचं ऐकू नका. मला आत घाला."

ज्ञानोबा खाली मान घालून उभा. तहसीलदार पेन धरून बसलेले. मला काय झालं कुणास ठाऊक, मी पुढे झालो आणि म्हणालो, "माझा सातबारा घ्या." बाईंनी माझ्याकडे वळून बघितलं. "सर, तुमचा तर ऊस वाळला." मी म्हटलं, "वाळू द्या." घरी भावकीनं मला आठवडाभर शिव्या घातल्या, ते वेगळं.

हौद झाला. बाई दोन हंगाम रोज तिथं जायच्या, शेवाळ घासायला लावायच्या, नंबरची पाटी तपासायच्या. गेल्या उन्हाळ्यात कावीळ झाली आणि पंधरवड्यात सगळं आटोपलं. वडवणीला, बाईंच्या माहेरी, भावाच्या दारात बुद्धवंदना झाली. ज्ञानोबा आणि मुक्ता आले होते. इतर गाडीवानही आले होते. मी रडलो. मला त्या बाईचा रागही आला. अजून येतो. एवढं सगळं अंगावर टाकून कुणी असं निघून जातं का?

यंदाचा हंगाम सुरू झाला. शेतकी अधिकारी नवे आले आणि जमावबंदीचा आदेशही आला. दिवाळीनंतर ज्ञानोबाचा फोन आला. "सर, हौद कोरडा हाय. आन् बैल सोडला की नंबर जातोय पुन्यांदा." मी म्हटलं, बरं. फोन ठेवला. बायकोनं विचारलं, कोण? मी सांगितलं. तिनं मोटारसायकलची चावी आणून दिली.

फाटकावर तेच जमादार होते. आता केस पिकलेत. मला उतरताना पाहिलं, आजूबाजूला बघितलं आणि जवळ येऊन हळूच म्हणाले, "सर, तुमी बी?"

मी गाडी स्टँडला लावली.

"हो," म्हटलं, "मी बी."