गुरुवारपर्यंत कोणी मरत नाही

पुस्तकाची शेवटची पानं नव्हती. वाचनालयाच्या चिटणीसांनी रंगमंचावर उभं राहून ते उघडलं, उलटलं, पुन्हा उघडलं आणि भरल्या मांडवाला दाखवलं. शिवणीपाशी फाडलेल्या कडा तशाच राहिल्या होत्या. मग त्यांनी पुस्तक नेणाऱ्यांची वही पाहिली आणि शेवटचं नाव मोठ्याने वाचलं. ते माझं होतं.

"सूनबाई, ही पानं तुम्ही फाडलीत?"

मी पदर तोंडाला लावला. पाच मिनिटांपूर्वी याच तोंडाने मी सगळा मांडव डोक्यावर घेतला होता. शेजारी सासूबाई बसल्या होत्या. तेवढ्यात मागून आवाज आला.

"तिला काय विचारता? मी फाडली."

गोदूकाकू उभ्या राहिल्या होत्या. पांढरं लुगडं, हातात वाचनालयाच्या किल्ल्या. पुस्तक त्यांनीच कपाटातून काढून आणून दिलं होतं. "सापडत नाही" म्हणाल्या असत्या तर तिथल्या तिथे मिटलं असतं. पण त्या गेल्या, कुलूप उघडलं, पुस्तक आणलं आणि चिटणीसांच्या हातात ठेवलं.

"तुम्ही? वाचनालयाचं पुस्तक? का?"

"वाचून दाखवण्याजोगी नव्हती," काकू म्हणाल्या आणि खाली बसल्या.

आता हे सगळं कशावरून झालं ते सांगते.

गोदूकाकू आमच्या ग्वाल्हेरला, लश्करमधल्या मराठी वाचनालयात कामाला होत्या. दार उघडणं, झाडणं, पुस्तकांना कव्हरं घालणं, नोंदी करणं, सगळं त्याच करत. त्यांचे यजमान दरबाराच्या देवळात पुजारी होते. संस्थान विलीन झालं, यजमान गेले, आणि देवळामागचं राहतं घर सरकारी खात्यात जमा झालं. मग कोणीतरी शब्द टाकला म्हणून वाचनालयाची मागची खोली त्यांना मिळाली. कामावर आहेत तोवर खोली, असा हिशेब होता. पुढे-मागे कोणी नव्हतं.

दर गुरुवारी दुपारी मागच्या ओसरीवर त्या बायकांना कादंबरी वाचून दाखवत. आम्ही आठ-दहा जणी असू. शिंद्यांच्या छावणीतून मी आणि सासूबाई चालत जायचो. मी चौथीपर्यंत शिकलेली, बाकीच्यांत निम्म्यांना सहीसुद्धा येत नव्हती. कोणी वाती वळायची, कोणी सुपारी कातरायची. काकू चष्म्याची दोरी कानामागे अडकवून म्हणायच्या, "पाय आखडा, तोंडं मिटा. आणि रडायचं असेल तिने आपल्याच पदराला डोळे पुसावे. मागच्या खेपेला माझं लुगडं ओलं केलंत."

त्या वर्षी जी कादंबरी चालू होती, तिने आम्हाला वेड लावलं होतं. पेशवाईतली गोष्ट. सगुणा नावाची सरदाराची मुलगी आणि जयवंत नावाचा साधा शिलेदार. लग्न होतं, आणि हळद उतरायच्या आत जयवंत फौजेबरोबर मोहिमेवर जातो. मग महिने जातात, पत्र नाही, निरोप नाही. घरचे सगुणेलाच पांढऱ्या पायाची म्हणतात. एवढंच. पण यावर आम्ही आठवडाभर बोलत असू. नळावर, हळदीकुंकवाला, भाजी घेताना.

"जयवंत काही खरा नाही," एक म्हणायची. "खरा असता तर चिठ्ठी नसती पाठवली?"

"लढाईत चिठ्ठी लिहीत बसतात का? तुझा नवरा बाजारात गेला तर चिठ्ठी पाठवतो का?"

सासूबाईंचं भांडण लेखकाशीच होतं. त्यांच्या माहेरी तीन पिढ्या घोडदळातल्या. "रात्रभर दौडवलेला घोडा आणि थांबताच पोटभर पाणी पाजलं म्हणे! मेलं असतं ते जनावर. या लिहिणाऱ्याने कधी घोड्याची लीद तरी पाहिली आहे का?"

"घोडा राहू द्या, सगुणेचं काय होतं ते सांगा," बाकीच्या ओरडायच्या.

तेव्हा काकू पुस्तक मिटायच्या. नेमकं गळ्याशी आलेलं असताना मिटायच्या. कितीही गयावया केली तरी बिलकुल उघडत नसत. "पुढचं पुढच्या गुरुवारी. जल्दी काय आहे? तोपर्यंत कोणी मरत नाही."

मला एकदा धीर धरवला नाही म्हणून मी ते पुस्तक सही करून घरी नेलं. पंधरा पानं वाचायला चार दिवस लागले. डोकं दुखलं आणि परत देऊन टाकलं. वहीत नाव राहिलं ते तेव्हाचं. त्यानंतर पुस्तक काकूंच्याच खोलीत असे.

आता माझं. मध्यभारत मोडून मध्य प्रदेश झाला आणि कचेऱ्या भोपाळला निघाल्या, तेव्हा माझा नवरा सचिवालयात कारकून होता. आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. फायलींचे गठ्ठे ट्रकमध्ये भरून तो त्यांच्यासोबत गेला. "खोली मिळाली की बोलावतो," म्हणाला. एक पत्र आलं, पोचल्याचं. मग काही नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. शेजारच्या बायका माझ्याकडे पाहून हळू बोलायला लागल्या. कोणी म्हणे तिकडे दुसरी ठेवली आहे. सासूबाई मला घालूनपाडून बोलायच्या. माझं वय सतरा. माहेर दूर, आणि परत पाठवलेली मुलगी तिथे कोणाला हवी होती?

आमच्या अंगणात विहीर होती. दुपारी सगळे निजले की मी काठावर जाऊन बसायची. पाणी हिरवं होतं, खोल होतं. मी उडी मारणार होते की नाही, हे मला आज सांगता येत नाही. उगीच मोठं करून सांगणार नाही. बसायची, एवढं खरं.

एक दिवस सासूबाईंनी विहिरीवर जाड फळ्या टाकल्या. पाणी काढण्यापुरती एक फळी सरकवायची आणि लगेच जागेवर ठेवायची. का, तर म्हणे मांजर पडेल. आमच्याकडे मांजर नव्हतं.

माघात कादंबरी संपत आली. शेवटच्या गुरुवारी ओसरीवर बसायला जागा नव्हती. काकूंनी चष्मा पुसला, पुस्तक उघडलं. सगुणा विहिरीपाशी जाते इथपर्यंत वाचलं आणि थांबल्या. सगळ्यांच्या वाती हातातच राहिल्या. मग काकूंनी पान उलटलं आणि सावकाश वाचायला सुरुवात केली. बोट ओळीवरून चाललं होतं, हे मला नीट आठवतं. सगुणा विहिरीत घागर सोडते. पाणी काढते. तोंड धुते. चार भाकऱ्या थापते, त्या फडक्यात बांधते आणि वाटेत ज्याला-त्याला पत्ता विचारत लष्कराच्या तळावर जाते. जयवंत सापडतो. जिवंत, धडधाकट. लढाई हरली म्हणून शरमेने तोंड लपवून बसलेला. सगुणा त्याच्यापुढे भाकरी ठेवते आणि म्हणते, "जेवा आधी. मग काय ते बोलू."

"संपलं," काकू म्हणाल्या.

"एवढंच? पुढे तो काय म्हणाला?" मी विचारलं.

"त्याला काय म्हणायचंय? जेवला असेल."

पुढच्याच आठवड्यात मी भाकऱ्या केल्या, फडक्यात बांधल्या आणि सासूबाईंना सांगितलं की मी भोपाळला जाते. मला वाटलं थोबाडीत बसेल. त्यांनी मामेसासऱ्यांना माझ्यासोबत दिलं आणि लोणच्याची बरणी दिली.

नवरा सापडला. दुसरी बाई नव्हती, दुखणं नव्हतं, काही नव्हतं. चार कारकून एका खोलीत राहत होते आणि हा नुसत्या बनियनवर पत्ते खेळत होता. खोली मिळत नव्हती म्हणून लिहायचं लांबवलं, आणि लांबलं म्हणून लिहायची लाज वाटली. त्या माणसाला आळस होता. जन्मभर होता. मी भाकरी पुढे ठेवली आणि म्हटलं, "जेवा आधी."

महिनाभरात मीच खोली शोधली.

त्या गणपतीत मी ग्वाल्हेरला आले होते. आमच्या नाट्यमंडळातले निम्मे लोक भोपाळला जाणार होते, म्हणून जाण्याआधी एक दणदणीत नाटक करायचं ठरलं होतं. त्यांनी नेमकी तीच कादंबरी घेतली. बायकांसाठी रविवारी दुपारचा खेळ होता. आम्ही गुरुवारच्या सगळ्या जणी पुढच्या चटईवर बसलो. काकू मात्र मागे, खांबापाशी. पुढे बोलावलं तर म्हणाल्या, "मला इथून दिसतं."

सगुणेचं काम महसूल खात्यातला एक कारकून करत होता, मिशा काढून. जयवंत त्याच्या खांद्याला लागत होता. "हा घोड्यावर चढणार कसा? शिडी लागेल," सासूबाई म्हणाल्या. घोडा पडद्याआडच होता, त्यामुळे ती अडचण आली नाही. बाकी सगळं पुस्तकातल्यासारखं चाललं होतं. आम्ही पुढची वाक्यं आधीच पुटपुटत होतो.

मग विहीर आली. पुठ्ठ्याचं कडं रंगवलेलं, मागे गादी. कारकुनाने आकाशाकडे पाहून हात जोडले आणि आत उडी घेतली. धप्प आवाज झाला. त्याच वेळी जयवंत दारातून आला आणि हंबरडा फोडू लागला.

मी उठून उभी राहिले. कशी ते मला कळलं नाही. "खोटं आहे!" मी ओरडले. "ती विहिरीत पडत नाही! ती तळावर जाते!"

मग आमच्या सगळ्याच उठल्या. "भाकरी कुठे गेली?" "चांगल्या गोष्टीचा सत्यानाश केला!" "वर काढा तिला!" विहिरीतून कारकुनाने डोकं वर काढलं. नाटक बसवणारे गृहस्थ पुढे येऊन हात जोडून म्हणाले, "बायांनो, पुस्तकात असंच आहे. पुण्याहून मागवलेली प्रत मी स्वतः वाचलीय."

"पुस्तक आणा!" मीच म्हणाले. मीच.

वाचनालय बाजूलाच होतं. चिटणीस मांडवात होतेच. त्यांनी काकूंना किल्ल्या घेऊन पाठवलं. पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे. सगुणा घागर सोडते इथपासून काकूंनी जे वाचलं होतं, ते पुस्तकात कधी नव्हतंच. फाडलेल्या पानांच्या जागी पुढे प्रकाशकाच्या पुस्तकांची यादी होती. त्या यादीवरून बोट फिरवत काकूंनी आम्हाला शेवट सांगितला होता.

वाचनालयाच्या मंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी झाली. वाचनालयात कामाला असणाऱ्या माणसाने पुस्तक फाडणं म्हणजे पुजाऱ्याने देव फोडणं, असं एक जण म्हणाला. त्यात त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दरबाराची मदत बंद झाल्यापासून माणूस कमी करायला त्यांना निमित्तही हवंच होतं. काकूंनी माफी मागितली असती तर कदाचित ठेवलं असतं. त्यांनी मागितली नाही. "चूक केली असती तर मागितली असती. फिजूल का मागू?" एवढं बोलून त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. आठ दिवसांत खोली सोडायची होती.

ते ऐकून मी घरी रडत होते. माझ्या ओरडण्यामुळे त्या बाईचं दुसरं छप्पर गेलं होतं. सासूबाई पायात वहाणा घालून निघाल्या. मी मागोमाग गेले. काकू एका ट्रंकेत भांडी भरत होत्या.

"आमच्याकडे मागची खोली आहे," सासूबाई म्हणाल्या. "चूल तुमची वेगळी करून देते. आम्ही मराठे, घरात मटण शिजतं. वास येईल. तो सोसावा लागेल."

"मला कशाला नेता?" काकू म्हणाल्या.

"फळ्या मी टाकल्या होत्या. पानं तुम्ही काढलीत. एकाच कामाच्या दोघी. मग वेगळं कशाला राहायचं?"

तेव्हा मला कळलं की माझ्या मनात काय होतं ते त्या दोघींनाही दिसलं होतं. सासूबाईंना विहिरीच्या काठावर, काकूंना ओसरीवर मी गोष्ट ऐकताना. मी काकूंना विचारलं, "मला सरळ का नाही बोललात? 'पोरी, असं करू नको' म्हणाला असतात तर?"

"तू कोणाचं ऐकत होतीस? माझं? सासूचं? सगुणेचं ऐकत होतीस. मग तिच्याकडूनच सांगवलं."

काकू आमच्या घरी चौदा वर्षं राहिल्या. आम्ही भोपाळला असायचो, सुट्टीत यायचो. गुरुवारची दुपार आमच्या अंगणात भरायला लागली. नळ आला तसं विहिरीचं पाणी कोणी काढेना. काकू त्या फळ्यांवरच चटई टाकून बसत आणि वाचत. कोणाची तरी जुनी पुस्तकं आणून आणून वाचली. शेवट आला की सासूबाई दरडावून विचारायच्या, "हे छापलेलं आहे की तुमचं?" काकू म्हणायच्या, "आवडलं का? मग छापलेलं." घोड्यांच्या बाबतीत मात्र त्या आधी सासूबाईंना विचारून घेत.

मटणाचा वास काकूंना शेवटपर्यंत सोसला नाही. मटण असे त्या दिवशी त्या नाकाला पदर लावून देवळात जाऊन बसत. पण गेल्या त्या आमच्याच घरी, सकाळी, पूजेची फुलं निवडताना. हातात परडी होती. सासूबाई त्यांच्यानंतर दोन वर्षांनी गेल्या. नवरा आळशी होता, पण भोपाळनंतर मला त्याने कधी एकटं टाकलं नाही. तोही गेला.

गुरुवारच्या आमच्या त्या बायकांपैकी आता कोणी नाही. मी आहे.